पंधरा दिसांची रजा

ह्यो माझा आंगठा बगा. उजव्या हाताचा. वाकत न्हाई आन् सरळबी व्हत न्हाई. भाकरी थापताना आडवा येतो मुडदा. ह्यो माझ्या पोरानं मोडला, आन् मोडला म्हनूनच पुढं मला पंधरा दिसांची रजा मिळाली. पर ती कशी मिळाली त्ये ऐकलं तर तुमी माझ्या तोंडावर थुकाल. थुका. मी सांगनार.

आमचं गाव रहिमतपुरापासनं तीन मैलांवर. माझं नाव अंजना. मालक ज्ञानू, फौजेत नाईक, तवा जम्मूकडं व्हतं. सालातनं दोन म्हयनं रजेवर यायचं. आलं की ऊन पानी, कोंबडं, गावभर रामराम. "दमून आलाय गं माझा लेक," आसं आत्याबाई म्हनायच्या. आत्याबाई म्हंजी माझी सासू, मनुबाई. मालक दमून यायचं ह्ये खरंच हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर मला कवा कुनी इचारलं न्हाई, की अंजना, तुझी रजा कवा? बंदूक घेऊन हुभं ऱ्हानाऱ्याला रजा हाय, बैलाला पोळ्याच्या दिशी रजा हाय. मी चौदा सालं एका ड्युटीवर.

माझी ड्युटी म्हंजी माझा नाथाजी. तिसऱ्या साली त्येचा ताप डोस्क्यात गेला आन् पोरगं तिथंच थांबलं. आंग तेवढं वाढलं. चौदाव्या साली उंचीनं बापाएवढा, ताकद खोंडाची आन् समज दुधपित्या लेकराची. बोलत न्हाई. भूक लागली, कुठं दुखलं, कुनी मोठ्यानं बोललं, कशानंबी बिथरायचा, आन् बिथरला की मारायचा. मूठ, डोस्कं, दात, जे घावंल त्येनं. त्येचं हागनं-मुतनं मीच काढायची, आंघूळ मीच घालायची. झोपताना त्येच्या पायाला आन् माझ्या मनगटाला एकच दावं बांधायची, न्हायतर उठून हिरीकडं जायचा. शेतात जाताना सोप्यातल्या मेढीच्या खांबाला बांधून जायची. आळीतल्या बाया म्हनायच्या, आई हाय का कसाब? मी म्हनायची, या की बयांनो, एक दिस सांभाळा. मंग एकीचा बी पाय वळायचा न्हाई.

त्येच्या बापानं एकदा फौजेतला तामचिनीचा मग आनला व्हता. पांढरा, काठाला निळी रेघ, बुडाला नंबर कोरलेला. त्यो मग म्हंजी नाथाचा जीव. झोपताना उशाला, बांधलेला आसला तरी हातात. दुसऱ्या कुनी हात लावला की संपलंच. फकस्त मी चालायची. रोज सकाळी दोन्ही हातांनी मग माझ्याम्होरं धरायचा आन् मी त्यात च्या वतायची. च्या वतताना हसायचा. पोराकडनं मला जे काय मिळालं त्ये तेवढं एक हसू. घरात दुसऱ्या कुनाला त्ये मिळत नव्हतं, आन् खोटं कशाला बोलू, मला त्येची लय ऐट व्हती.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन सालं झाली व्हती. उसाची लागन चालली व्हती. माझं थोरलं दीर लालासाहेब, घराचं कारभारी. त्यांची पोरगी शालन, सतरा वर्साची. सकाळी सोपा झाडताना तिनं नाथाचा मग उचलून बाजूला ठेवला. एवढंच केलं पोरीनं. नाथानं तिचे केस धरलं आन् तिचं डोस्कं भिताडावर हानलं. एकदा, दोनदा. मी भाकरी टाकून धावले, मधी घुसले. त्येची बोटं तिच्या केसातनं सोडवताना त्येनं माझा आंगठा धरला आन् म्हागं मोडला. वाळल्या काटकीगत आवाज आला.

लालासाहेब भावजी गोठ्यातनं आसूड घेऊनच आलं. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकूला हात लावत न्हाई, सावलीबी पडू देत न्हाई. म्हनून माझ्यावरचा राग त्यो पोरावर काढायचा. शालनच्या कपाळातनं रगत वघळत व्हतं, त्यामुळं त्या दिशी त्यांना कोन काय बोलनार? त्यांनी नाथाला मेढीला आवळला आन् मारला. बैलाला बी मानूस आसं मारत न्हाई. पाठीवरचं कातडं हुबं फाटलं. आत्याबाई दारात बसून "बास रं, बास रं," म्हनत व्हत्या, उठल्या मातुर न्हाईत. मी एका हातानं आसूड धरला तर तळहात सोलून निघाला.

दुपारी समदी रानात गेली. मी आन् नाथा दोघंच. मी त्येच्या पाठीला हळद-त्याल लावाय बसले, तर हळद चरचरली आसंल, त्येनं वळून माझ्या खांद्याचा लचका तोडला. दात हाडाला लागलं. आंगठा सुजून वांग्याएवढा झालेला, हात सोललेला, वरनं ह्ये. माझ्या डोळ्याम्होरं काळं आलं. मी एका हातानं कोपऱ्यातलं मुसळ उचललं. खोटं न्हाई सांगत, देवाशप्पत सांगते, ते त्येच्या टाळूवर घालायला उचललं. ते वर गेलं. खाली यायचं तेवढं ऱ्हायलं.

आन् नाथानं मग म्होरं धरला. दोन्ही हातांनी. त्येला वाटलं, आई उठली म्हंजी च्या करनार.

मी मुसळ ठेवलं आन् चूल पेटवली.

दुसऱ्या दिशी रहिमतपुरच्या दवाखान्यात आंगठा दाखवाय गेले. तिथली नर्सबाई चांगली व्हती, तोंडाची फटकळ पर मायाळू. फळी बांधता बांधता म्हनली, "अगं, एक दिवस तो तुला मारून टाकील."

मी म्हनलं, "बाई, तसं न्हाई. एक दिस मी त्येला मारून टाकीन. काल मुसळ उचललं व्हतं."

तिचे हात थांबले. मंग टेबलाच्या खणातनं एक छापील कागद काढला. म्हनली, सांगलीला अण्णाप्पा म्हनून हळदीचे व्यापारी हाईत, जैन. त्यांचा एक पोरगा आसाच व्हता. त्येची आई गुणमाला, अठरा सालं त्येच्या उशाशी बसली आन् बसल्या जागी संपली. तिच्या नावानं त्यांनी निधी काढलाय. आसल्या पोराला पंधरा दिस सांगलीला त्यांच्या घरात ठेवून घेत्यात, सांभाळत्यात. आन् आईनं त्या पंधरा दिसांत कुठंबी जायचं, यष्टीचं भाडं त्येच देत्यात. आट एकच. आईनं काम करायचं न्हाई. इसावा घ्यायचा.

मी तिच्या तोंडाकडंच बगत बसले. मला वाटलं ही माझी चेष्टा करती. काम करायचं न्हाई म्हनून कोन पैसं देतं का? मी तिला दोनदा इचारलं. मंग मला रडाय आलं, आन् ती म्हनली, "रडू नको, फॉर्म भिजंल." मुलाचा त्रास काय, आसा रकाना व्हता. तिथं तिनं लिवलं, मारतो, चावतो, बांधून ठेवावं लागतं. मी डाव्या आंगठ्यानं निशानी क्येली. उजवा बांधलेला.

तुमाला सांगते, त्या दिसापासनं मी पंधरा दिसांवर जगत व्हते. दळताना, धुताना त्येच. वाईला माझी भन रंगूबाई दिलेली हाय, तिच्याकडं जायचं. घाटावर बसायचं. झोपायचं. मला ठाऊक व्हतं, ह्ये पंधरा दिस मिळालं न्हाईत तर त्ये मुसळ पुन्हा वर जानार, आन् पुढच्या टायमाला नाथा मग धरंलच आसं न्हाई.

पर आमच्याकडं म्हन हाय ना, आई जेवू घालीना आन् बाप भीक मागू देईना. सांगलीवरनं उत्तर आलं त्ये उघड्या कार्डावर. पोष्टमननं त्ये आंगनात मोठ्यानं वाचलं. "आपल्या मंदबुद्धी मुलास पाहण्यासाठी गुरुवारी येत आहोत." भावजी तिथंच दाढी करत बसलं व्हतं. आर्ध्या तोंडाला साबन तसंच.

"कुनी कळवलं?"

मी म्हनलं, "मी."

"आमच्या घराची भीक मागितलीस? सांगलीपातूर? आन् शालनचं काय?"

तर शालनला फलटणचं स्थळ आलं व्हतं. पोरगा साखर कारखान्यात किलार्क. त्यास्नी, आमच्या घरात एक मुकं पोर हाय, एवढंच सांगितलेलं. मारतं, चावतं, मेढीला बांधत्यात, ह्ये सांगितलं नव्हतं. येडं रगतात हाय म्हनलं की सोयरीक गेलीच. अख्खी आळी तोंड शिवून बसलेली, पोरीचं लगीन व्हईपातूर. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी म्हनलं, "भावजी, तुमच्या शालनसाठी मी मरू का?"

त्यांनी मला हात लावला न्हाई. वस्तरा खाली ठेवला, उठलं आन् नाथाच्या थोबाडीत आशी हानली की पोरगं मेढीवर आपटलं. नाथानं हिसडे दिलं, दावं कचाकचा वाजलं. भावजींनी आनखी एक हानली. "ही तुझ्या आईची," म्हनलं.

मंग त्यांनी डोस्कं चालवलं. सांगलीची मानसं जीपनं येनार, दारातनं हाकलून देता येत न्हाईत, गाव बगनार. म्हनून गावात सांगितलं, हळद बगाय व्यापारी येनार हाईत. आन् घरात सांगितलं, घर दाखवायचं तर आसं दाखवायचं की पावन्यांनी गप माघारी जावं. गुरुवारी सकाळी सारवनं, रांगोळी. माझ्या आंगावर धोंडुबाई जावेची नवी साडी, गळ्यात तिची बोरमाळ. नाथाला आंघूळ, त्येल, भांग, आन् आसुडाचे वळ झाकाय लांब बाह्यांचा सदरा. दावं गवतात लपवलं. कांदा-लसून जैनांना चालत न्हाई म्हनून साजूक तुपातला शिरा. हुतं न्हवतं त्ये तूप संपलं त्या दिशी. आन् ह्यात मूर्ख मी बी. मला वाटलं, पावनी येनार, आपन नीट दिसावं. मी बी आरशात बगितलं. रजा मागाय निघालेल्या बाईनं बोरमाळ घालाय नको, ह्ये माझ्या टकुऱ्यात शिरलं न्हाई.

जीप आली. चंदनबाला म्हनून बाई व्हत्या, गुणमालाची नणंद. चाळिशीच्या, चश्मा, हातात कागदाचं बाड. संगं आकाराम डायव्हर. जीप बगाय आळी गोळा झाली.

आन् नेमका त्या दिशी नाथा शाना झाला! त्येला जीप लय आवडायची. कट्ट्यावर मग घेऊन बसला, जीपकडं बगून हसत व्हता. बाईंनी डोक्यावरनं हात फिरवला तर ह्यो मान कलती करून बसला, देवळातल्या गाईवानी. शिरा खाल्ला, सांडला न्हाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हनत व्हते, ओरड की रं मुडद्या, आज तरी ओरड! सा दिस घर डोक्यावर घेतोस आन् आजच तुझा गुरुवार?

बाई इचारायच्या मला, उत्तर द्यायचं भावजी. मारतो का? "छ्या, गरीब हाय." बांधता का? "आपलं पोर कोन बांधंल, बाई?" झोपतो का? "बाळावानी." आत्याबाई खाली बगून पदर चाळवत व्हत्या.

बाईंनी कागद मिटला. माझ्याकडं बगून लय मऊ बोलल्या. "असं बघा अंजनाबाई, आमच्याकडं एका वेळी बारा जागा. अर्ज चाळीस. काही मुलं अशी असतात की त्यांच्या आया जगतील का मरतील, असं वाटतं. अर्जात काही असलं तरी तुमचा मुलगा शांत आहे, घर भरलेलं आहे. ज्यांना जास्त गरज आहे त्यांना आधी द्यायला हवं ना?"

तवा मी बोरमाळ तोडली. खरंच तोडली, मणी आंगनभर. चोळीची बाही वर केली, खांदा उघडा केला. लाज गेली चुलीत. दंडावर जुन्या दातांचे वण, खांद्यावरचा लचका अजून वला, आंगठ्याची फळी. म्हनलं, "ह्ये बगा! ह्ये बगून सांगा गरज कुनाला हाय!"

बाई उठून हुभ्या ऱ्हायल्या. चश्मा काढला, परत घातला. मंग भावजींकडं वळल्या. "हे कुणी केलं?"

आळी भिताडावरनं बगत व्हती. शालन दाराआड. भावजींच्या तोंडावर घाम आला. त्यांनी शालनकडं एकदा बगितलं.

"मी," भावजी म्हनलं. "मी मारतो तिला."

आत्याबाईंच्या तोंडातनं "आरं दया!" एवढंच निघालं. ज्या मानसानं सतरा सालांत माझ्यावर सावली पडू दिली न्हाई त्यो भर आंगनात म्हनतोय, मी मारतो. आन् चावतो बी का रं बाबा, आसं इचारावं वाटलं. पर मला त्येचं गनित कळलं. बायका मारनारं घर म्हनून कुनाची सोयरीक आजपातूर मोडलेली न्हाई. पोर येडं हाय म्हनून मोडती. लेकीसाठी त्यानं स्वताच्या तोंडाला काळं फासलं. बाप म्हनून मोठाच की! पर त्यानं माझं काय झालं?

मी वरडले, "खोटं हाय! पोरगं मारतंय मला!"

बाईंनी माझा हात धरला. डोळं भरलं व्हतं बिचारीचं. "घाबरू नका. बायका असंच म्हणतात, अर्जातही तेच लिहितात, घरच्यांना वाचवायला पोराचं नाव पुढं करतात. पण हा निधी त्यासाठी नाही, बाई. हे पोलिसांचं काम आहे. मी रहिमतपुरात सांगून जाते." आन् आकारामला म्हनल्या, गाडी काढ.

हात दाखवून अवलक्षन म्हनत्यात त्ये आसं.

आकारामनं जीपचं दार उघडलं. बाईंनी एक पाय वर ठेवला. माझे पंधरा दिस त्या पायासंगं निघालं व्हतं. आन् मला मुसळ दिसलं, सोप्याच्या कोपऱ्यात, जिथल्या तिथं.

मी नाथाकडं गेले. त्यो जीपकडं बगून हसत व्हता. मी जवळ आले तसा त्येनं मग म्होरं धरला. दोन्ही हातांनी. च्या.

मी घेतला. त्येनंच दिला, मी हिसकावला न्हाई, ह्ये ध्यानात ठेवा. दुसऱ्या कुनाला दिला नसता. मी त्यो मग घेतला आन् धुन्याच्या धोंड्यावर आपटला. टवके उडालं. मंग त्याच्यावर पाय ठेवला आन् चेपला. नाथाकडं बगत बगत चेपला.

त्यो लगेच उठला न्हाई. आधी माझ्या पायाकडं बगितलं, मंग माझ्या तोंडाकडं. त्येला कळंना. मी म्हनलं, "ये! ये की! मार!"

मंग आला. कट्ट्यावरनं उडीच टाकली. मी धोंड्यावर पाठीवर पडले. त्येनं माझे केस धरून डोस्कं धोंड्यावर आपटलं. कानात भांडं वाजल्यागत झालं. चेपलेला मग त्येच्या हाताला लागला, त्येच्यानंच तोंडावर हानला. पुढचे दोन दात गेलं, त्ये गिळलं का थुकलं ठाऊक न्हाई. गाल दातात धरला. मी हात वर क्येला न्हाई. एकदाबी न्हाई. रगत डोळ्यात गेलं तरी मी बाईंकडं बगत व्हते, म्हनलं बगू दे, डोळं भरून बगू दे.

बाई किंचाळत व्हत्या. आकाराम, भावजी, शेजारचं दोन बापय, चौघांनी वढला तरी सुटंना. भावजींनी सवयीनं आसूड आनला आन् वढला त्येच्या पाठीवर, सदरा फाटला, जुनं वळ उघडं पडलं. मी खालनं वरडत व्हते, "मारू नका त्येला! त्येचं काय चुकलं न्हाई! मारू नका!" तोंडात रगत, कुनाला काय कळलं आसंल देव जाने.

शेवटी गवतातलं दावं काढून त्येला मेढीला बांधला. कसं बांधायचं त्ये भावजींच्या हातांना पाठ व्हतं, आन् त्ये बाईंनी बगितलं. आळीनं बी बगितलं. आता झाकाय काय ऱ्हायलं न्हाई. भावजी कट्ट्यावर टेकलं आन् तोंड गुडघ्यात घालून बसलं.

बाईंनी माझं तोंड सोताच्या पदरानं पुसलं. "आमचा जिनपाल असाच होता," म्हनल्या. "वहिनीच्या अंगावर असेच वण होते. आणि मी ओळखलं नाही तुम्हाला. मीच ओळखलं नाही." त्यांनी जीपच्या नाकाडावर कागद ठेवून तिथंच सही क्येली.

जिनपाल म्हंजी गुणमालाचं पोर. त्यांनी त्येच जलमभर बगितलेलं, तरी माझं त्यास्नी कळलं न्हाई. मला त्यांचा राग आला न्हाई. लय दमले व्हते.

नाथाला जीपमधी डायव्हरशेजारी बसवला. चेपका मग छातीशी धरला व्हता. जीप सुरू झाली तसा गप झाला. मी हात हालवला. त्येनं बगितलं न्हाई. म्हनलं, जीपचं येड हाय पोराला.

शालनचं फलटणचं स्थळ मोडलं. पुढच्या साली दुसरं जमलं, सुखात हाय पोरगी. भावजी मातुर माझ्याशी परत बोललं न्हाईत, आन् त्यांनी आसूडबी परत गोठ्यातनं काढला न्हाई. पोलिसात कुनी गेलं न्हाई.

मी वाईला गेले. रंगूबाईनं माझं तोंड बगून कपाळ बडवून घेतलं. पयले दोन दिस झोपच न्हाई. मनगट हलकं वाटायचं. मंग तिच्या लुगड्याचा काठ मनगटाला गुंडाळून पडले तर दुपारी झोपलेली दुसऱ्या दिशी उठले. काय झोप व्हती! घाटावर बसायची, कृष्णामाईत पाय सोडून. बाया धुनी बडवायच्या, घंटा वाजायची, आन् मला कुनी हाक मारत नव्हतं. वरनं वांग्याची भाजी आयती ताटात. लाज वाटाय पायजे व्हती. न्हाई वाटली. पंधरा दिस मी रानी व्हते, दोन दात नसलेली.

सोळाव्या दिशी सांगलीला गेले. मोठं आंगन, निंबाचं झाड, दहा-बारा पोरं वळीनं बसलेली. च्याची येळ. नाथा मधी बसला व्हता. आंगानं भरला व्हता. पाठ बरी झालेली. आन् बगते तर काय, तिथली बाई किटली घेऊन आली, तसा त्येनं मग म्होरं धरला. चेपका मग. ती वततेय आन् ह्यो हसतोय. चंदनबालाबाई म्हनल्या, "काही त्रास नाही दिला बघा. पहिले दोन दिवस बिथरला, नंतर रुळला. हातातला मग कुणालाही देतो आता, हट्ट नाही."

मला एवढा आनंद झाला, आन् काळजात काय तरी चरकलंबी. मी हाक मारली, "नाथा!"

त्येनं वळून बगितलं. मला वळखलं. वळखलं ह्ये मला दिसलं. आन् त्येनं मग शर्टाच्या आत घातला. गरम च्या पोटावर सांडला, तोंड वाकडं झालं, तरी काढला न्हाई. दोन्ही हातांनी शर्टावरनं दाबून धरला आन् मागं सरकला.

मी तिथंच जमिनीवर बसले. म्हनलं, "दे बाळा. च्या घालते. न्हाई फोडत. तुझ्या गळ्याशप्पत न्हाई फोडत." त्यो निंबाच्या खोडाला पाठ लावून बसला. आकारामनं हात धरला तवा उठला.

यष्टीत खिडकीला बसला, माझ्यापासनं आंग चोरून. मारलं न्हाई, चावला न्हाई. मारलं आसतं तर बरं वाटलं आसतं. चौदा सालं मी त्येच्या हाताला भिऊन जगले, आन् आता ह्यो माझ्या हाताला भितोय. तुमाला सांगते, पंधरा दिस परत मिळनार आसतील तर मी परत घीन. ह्येबी खरं हाय आन् त्येबी खरं हाय. काय करायचं त्ये करा.

कराडला गाडी थांबली. च्यावाला खिडकीखाली आला, "च्याय गरम!" नाथानं त्येच्याकडं बगितलं. शर्टात हात घातला, मग काढला आन् खिडकीतनं त्येच्याम्होरं धरला. दोन्ही हातांनी. हसला.

च्यावाल्यानं मग भरला आन् चटका बसंल म्हनून खिडकीतनं हात लांब करून माझ्याकडं केला. "मावशी, धरा, पोराला द्या."

नाथाचं हसू गेलं. माझ्या हाताकडं बगत ऱ्हायला.

मी हात पदरात घेतला. म्हनलं, "दादा, त्येच्याच हातात द्या."